‘द ग्रॅज्युएट’चा अल्बम : एका श्रवणसत्राच्या प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट २०२४

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात आज ‘द ग्रॅज्युएट’ या अमेरिकन चित्रपटाच्या संगीताची मोठी तबकडी सापडली. शिवणयंत्राच्या पायट्यावर मांडलेल्या भजनांच्या आणि लग्नगीतांच्या तबकड्यांच्या गठ्ठ्यात ती तळाशी होती. विक्रेत्याने ‘इंग्रजी आहे, कोणी घेत नाही’ असे सांगत तीनशे रुपयांवरून दोनशेवर यायला फार वेळ लावला नाही. वेष्टनावर पुढे स्त्रीचा मोजा घातलेला पाय आणि मागे गोंधळून उभा असलेला तरुण डस्टिन हॉफमन, हे प्रसिद्ध छायाचित्र आहे. पुठ्ठ्याची एक कड वाळवीने खाल्ली असली तरी आतली तबकडी सपाट आहे.

आमच्या श्रवणमंडळाचे २८ सप्टेंबरचे सत्र माझ्याकडे आले आहे. मंडळाने दिलेला विषय असा, की आधीपासून लोकांच्या कानावर असलेली गाणी आणि चित्रपटासाठी नव्याने रचलेले पार्श्वसंगीत एकाच तबकडीवर येतात तेव्हा नेमके काय घडते. वेळ एक तास, आणि त्यातली निम्मी प्रत्यक्ष ऐकण्यासाठी, असा आमचा जुना दंडक आहे. या अल्बमवर एकूण १४ तुकडे आहेत. त्यांपैकी ८ सायमन आणि गारफंकल या अमेरिकन गायकजोडीच्या गाण्यांचे, तर ६ डेव्ह ग्रुसिन यांनी रचलेल्या वाद्यसंगीताचे आहेत. गाण्यांना साधारण २० मिनिटे लागतात आणि ग्रुसिन यांच्या संगीताला १६. हा हिशेब पाहून पहिला आराखडा लगेच तयार झाला: ग्रुसिन यांचा एखादा तुकडा नमुन्यादाखल वाजवायचा, बाकीचे पाच गाळायचे आणि गाण्यांना सगळा वेळ द्यायचा. खरे सांगायचे तर महाविद्यालयात असताना कॅसेटवर हा अल्बम ऐकतानाही मी ते तुकडे बोटाने पुढे ढकलत असे.

७ ऑगस्ट २०२४

तबकडी ऊर्ध्वपातित पाण्याने आणि मऊ सुती फडक्याने धुतली, रात्रभर उभी वाळवली. दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला नखाएवढा चरा आहे, पण सुई अडकत नाही. फिरतीच्या यंत्राचा रबरी पट्टा सैल झाला होता, तो बदलला.

११ ऑगस्ट २०२४

गाणी कुठून आली याची आज नीट मांडणी केली, कारण सत्राचा कणा हाच आहे. माइक निकोल्स यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट डिसेंबर १९६७मध्ये प्रदर्शित झाला आणि अल्बम १९६८च्या जानेवारीत आला. मात्र त्यावरची बहुतेक गाणी तोपर्यंत जुनी झालेली होती. ‘स्कारबरो फेअर/कँटिकल’ आणि ‘द बिग ब्राइट ग्रीन प्लेझर मशीन’ ही दोन्ही १९६६च्या एकाच अल्बमवरची, आणि ‘एप्रिल कम शी विल’ त्याच वर्षी आलेल्या आधीच्या अल्बमवरचे.

‘द साउंड ऑफ सायलेन्स’ची कथा सर्वांत वळणाची आहे. हे गाणे १९६४मध्ये एक गिटार आणि दोन आवाज एवढ्याच ऐवजावर ध्वनिमुद्रित झाले, त्या वेळी कोणी लक्ष दिले नाही, आणि जोडी जवळजवळ फुटली. जून १९६५मध्ये निर्माते टॉम विल्सन यांनी त्याच मुद्रणावर विजेची गिटार, बास आणि ड्रम चढवले, आणि हे करताना त्यांनी गायकांना कळवलेसुद्धा नाही. जोडीतले गाणी रचणारे सायमन तेव्हा युरोपात होते. १९६६च्या जानेवारीत ते चढवलेले रूप अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. म्हणजे चित्रपटात येण्याआधीच या गाण्याचे एक ‘पार्श्वसंगीत’ कोणा तिसऱ्याने केलेले होते, आणि त्याच गाण्याची दोन्ही रूपे या अल्बमवर आहेत: पहिल्या बाजूचा आरंभ विजेच्या वाद्यांसह, आणि दुसऱ्या बाजूचा शेवट नुसत्या गिटारवर. आपल्याकडच्या भाषेत बोलायचे तर नांदी आणि भैरवी एकाच पदाने केली आहे, फक्त भैरवीच्या वेळी साथीदार उठून गेले आहेत.

निकोल्स यांनी ही गाणी मुळात चित्रपटासाठी निवडलेली नव्हती. चित्रीकरणाच्या काळात ते ती स्वतःच्या आवडीने ऐकत होते, आणि संकलक सॅम ओस्टीन यांच्याबरोबर काम करताना तात्पुरती सोय म्हणून त्यांनी ती दृश्यांखाली लावली. संकलनाच्या खोलीत तात्पुरते लावलेले संगीत कसे कायमचे होऊन बसते, हे त्या खोलीत आठवडाभर बसलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. दृश्य त्या तालावर कापले जाते आणि मग दुसरे काहीही लावले तरी ते उपरे वाटते. सायमन यांनी दोन नवी गाणी देऊ केली होती, ‘पंकीज डायलेमा’ आणि ‘ओव्हर्स’. निकोल्स यांना ती रुचली नाहीत. ती पुढे एप्रिल १९६८च्या ‘बुकएंड्स’ या अल्बमवर आली. नवे म्हणावे असे या चित्रपटात एकच गाणे आहे, ‘मिसेस रॉबिन्सन’, आणि तेही तेव्हा अर्धवट होते. मूळ कच्च्या रूपात त्यातली बाई मिसेस रूझवेल्ट होती.

१८ ऑगस्ट २०२४

घड्याळ आणि वही घेऊन चित्रपट पुन्हा पाहिला. उद्देश एवढाच की प्रत्येक गाणे चित्रात कुठे येते आणि अल्बमवर कुठे, याचा तक्ता करावा. ‘द साउंड ऑफ सायलेन्स’ तीनदा येते: विमानतळाच्या सरकत्या पट्ट्यावर नुसता उभा असलेला चित्रपटाचा नायक बेंजामिन (हॉफमन) आपल्यापुढून वाहत जातो त्या नामावलीच्या वेळी, पोहण्याचा तलाव आणि हॉटेलची खोली एकमेकांत मिसळतात त्या लांब जोडदृश्यात, आणि शेवटी बसच्या मागच्या बाकावर. जोडदृश्यात त्याच्या पाठोपाठ लगेच ‘एप्रिल कम शी विल’ येते. बेंजामिन पाण्यातून तरंगत्या गादीवर उडी घेतो आणि पुढच्या चौकटीत तो मिसेस रॉबिन्सनच्या, म्हणजे आईवडिलांच्या ओळखीतल्या ज्या विवाहित बाईशी त्याचे संबंध जुळतात तिच्या, अंगावर असतो, हा तो प्रसिद्ध काप याच जोडदृश्यातला आहे.

एका जागी मी चित्रपट पाच वेळा मागे नेला. बेंजामिन मिसेस रॉबिन्सनची मुलगी एलेन हिचे लग्न थांबवायला गाडी पिटाळत निघाला आहे आणि ‘मिसेस रॉबिन्सन’ची गिटार त्याच्याबरोबर धावते आहे. गाडीतले पेट्रोल संपत येते तसा गिटारचा ठोका जड होतो, दोन ठोक्यांमधले अंतर वाढत जाते, आणि गाडी कडेला थांबते तेव्हा हातही थांबतो. हा विनोद तर आहेच, पण आपल्या विषयाच्या दृष्टीने तो फार महत्त्वाचा पुरावा आहे, कारण इथे गाणे हे गाणे राहिलेले नाही. ते दृश्याच्या मापाने वाजवलेले पार्श्वसंगीत झाले आहे. बाकीची गाणी तयार मुद्रणे असल्यामुळे चित्राने त्यांच्या मापाने चालावे लागते. हे एकटे गाणे मात्र अपुरे असल्यामुळे चित्राला हवे तसे वाकवता आले. अल्बमवरही त्याचे दोन तुकडे आहेत, प्रत्येकी सव्वा मिनिटाच्या आसपास, आणि आपल्याला पाठ असलेली कडवी दोन्हींत नाहीत. चार मिनिटांचे पूर्ण गाणे ‘बुकएंड्स’वर आले आणि जून १९६८मध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. सत्राला येणाऱ्यांपैकी निम्मे लोक या अल्बमवर ते पूर्ण गाणे शोधणार, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

‘प्लेझर मशीन’ची जागा वेगळी आहे. ते बेंजामिनच्या मनातून येत नाही, खाण्याच्या ठेल्यापाशी शेजारी उभ्या असलेल्या गाडीतून येते, आणि त्याला ते नको असते. एकाच गायकजोडीचा आवाज एकदा नायकाच्या आतला आणि एकदा बाहेरचा गोंगाट म्हणून वापरण्याची ही हिंमत मी आजवर लक्षात घेतली नव्हती.

२२ ऑगस्ट २०२४

तबकडी संगणकावर उतरवण्याचा पहिला प्रयत्न फसला. नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू आहेत, आणि माझी खोली नारायण पेठेत नदीच्या बाजूला आहे. मुद्रण तारेतून होते, त्यामुळे बाहेरच्या आवाजाचा संबंध येणार नाही असे मी धरून चाललो होतो. पण ढोलाचा खर्ज भिंतीतून टेबलात, टेबलातून यंत्रात आणि यंत्रातून सुईत उतरतो. ‘स्कारबरो फेअर’च्या शांत सुरुवातीच्या खाली संगणकाच्या पडद्यावर ठरावीक अंतराने मंद टेकड्या उमटलेल्या दिसल्या, कानांनी त्या धूसर धडकीसारख्या जाणवतात. खालच्या कंपनसंख्या छाटून पाहिल्या तर ढोल गेला, पण त्याबरोबर बासचाही जीव गेला. यंत्राखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे ठेवून पाहिले, फरक पडला पण पुरेसा नाही. आता पहाटे पाचला मुद्रण करायचे.

२ सप्टेंबर २०२४

पहाटेची मुद्रणे झाली, स्वच्छ आहेत.

आज हा अल्बम मुळात का निघाला यावर काम केले. सायमन यांची इच्छा नव्हती. त्यांच्या मते चित्रपटात त्यांची गाणी मोजकीच होती आणि त्यातली बहुतेक लोकांकडे आधीच होती, शिवाय ‘बुकएंड्स’ येऊ घातला होता. कोलंबिया कंपनीचे प्रमुख क्लाइव्ह डेव्हिस यांनी आग्रह धरला, आणि गाण्यांनी तबकडी भरत नव्हती म्हणून ग्रुसिन यांचे संगीत मध्ये मध्ये घालून ती पूर्ण करण्यात आली. निर्मितीचे काम टिओ मासेरो यांनी पाहिले. म्हणजे ज्याला आपण आज ‘मिश्रण’ म्हणून चर्चेला घेतो आहोत, त्याचे मूळ रिकामी जागा भरण्यात आहे. ही माहिती माझ्या पहिल्या आराखड्याला सोयीची होती: भरताड आहे, ते गाळायचे.

व्यवहाराची दुसरी बाजू नोंदवून ठेवतो. सायमन आणि गारफंकल हे कोलंबियाचेच कलाकार होते, त्यामुळे जुनी मुद्रणे घरातल्या घरात वापरता आली. ही सोय सर्वांना मिळत नाही. १९६९च्या ‘ईझी रायडर’मध्ये ‘द बँड’ या चमूचे ‘द वेट’ पडद्यावर ऐकू येते, पण अल्बमसाठी त्या मुद्रणाची परवानगी न मिळाल्यामुळे ‘स्मिथ’ या दुसऱ्याच चमूकडून तेच गाणे गाऊन घ्यावे लागले. चित्रपटात वापरण्याचा हक्क आणि तबकडीवर विकण्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९६८च्याच ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’मध्ये तर स्टॅनली कुब्रिक यांनी ॲलेक्स नॉर्थ यांच्याकडून रीतसर पार्श्वसंगीत करून घेतले आणि शेवटी ते बाजूला ठेवून तात्पुरती लावलेली तयार मुद्रणेच कायम केली. तिथे मिश्रणाचा प्रश्नच उरला नाही.

आपल्याकडे हिंदी-मराठी चित्रपटांच्या तबकड्यांवर पार्श्वसंगीताला जागा बहुधा मिळालीच नाही. चित्रपटाची तबकडी म्हणजे गाणी, हे समीकरण इतके पक्के होते की १९७५च्या ‘शोले’ची संवादांची तबकडी निघाली आणि धडाक्याने खपली, तेव्हा तिचेच नवल वाटले. संवाद घरी नेण्यासारखे असतात हे आपल्या कंपन्यांना कळले; पार्श्वसंगीत घरी नेण्यासारखे असते हे कळायला बराच वेळ गेला. सत्रात हा मुद्दा दोन वाक्यांत सांगायचा, त्याचे भाषण होऊ द्यायचे नाही.

१० सप्टेंबर २०२४

गणपतीचे दिवस असल्याने घरी काम होणे शक्य नाही. कानावर हेडफोन लावून फक्त ग्रुसिन यांचे सहा तुकडे एकामागून एक ऐकले, आणि आराखडा मोडला.

‘सनपोर्च चा-चा-चा’ हे नाव मी इतकी वर्षे नुसते वाचले होते. रॉबिन्सनबाईंच्या घरातली ती काचेची, झाडांनी वेढलेली बैठक, हातात दिलेला पेला, बाईंनी लावलेले संगीत आणि दाराकडे पाहणारा मुलगा हे सगळे त्या नावात आहे. संगीत स्वतः अगदी निरुपद्रवी आहे, टापटिपीचे, पाहुण्यांना त्रास होणार नाही असे. ‘द सिंगलमन पार्टी फॉक्सट्रॉट’ हॉटेलातल्या त्या समारंभाचे आहे, जिथे चोरून खोली घ्यायला आलेल्या बेंजामिनला कर्मचारी समारंभाचा पाहुणा समजतात. ‘ऑन द स्ट्रिप’ तो एलेनला मुद्दाम ज्या अपमानकारक जागी नेतो तिथले. ‘द फोक्स’, म्हणजे घरची वडीलधारी मंडळी, या नावातच सगळे आले. हे सगळे आईवडिलांच्या पिढीचे संगीत आहे. त्यांच्या मेजवान्यांत, हॉटेलांत, बैठकीत सतत कुठेतरी वाजत असलेले, कोणीच न ऐकलेले. गाणी बेंजामिनच्या डोक्यात वाजतात आणि हे तुकडे त्याच्या भोवती.

पहिल्या बाजूचा क्रम आता वेगळाच दिसतो. फॉक्सट्रॉट, मग ‘मिसेस रॉबिन्सन’चा सव्वा मिनिटाचा तुकडा, मग चा-चा-चा. पूर्ण न झालेले तरुण गाणे दोन नीटनेटक्या नाचांच्या मध्ये चेपून बसवले आहे. हे मासेरो यांनी ठरवून केले की जागा भरता भरता झाले, याने ऐकणाऱ्याला फरक पडत नाही. ज्या भरताडाला मी कॅसेटवर पुढे ढकलत होतो, तेच काढून टाकले तर ही तबकडी म्हणजे सायमन आणि गारफंकल यांच्या लोकप्रिय गाण्यांचा एक आखूड संग्रह उरतो, आणि तसे संग्रह बाजारात याहून चांगले आहेत. १९६९मध्ये चित्रपटासाठीच्या मूळ संगीताचे ग्रॅमी पारितोषिक सायमन आणि ग्रुसिन या दोघांच्या नावे दिले गेले. जुन्या गाण्यांच्या अल्बमला ‘मूळ’ म्हणायचे कसे, असे मला पूर्वी वाटे. आता तितकेसे वाटत नाही.

१९ सप्टेंबर २०२४

विसर्जन आटोपल्यावर मंडळातल्या दोघांना घरी बोलावून चाचणी घेतली. एक निवृत्त ध्वनितंत्रज्ञ आहेत आणि दुसऱ्या बाई शाळेत संगीत शिकवत असत. दोघांनीही चित्रपट तरुणपणी एकदाच पाहिलेला. त्यांना पहिली बाजू दोन प्रकारे ऐकवली, आधी ग्रुसिन गाळून आणि मग जशीच्या तशी. पहिल्या वेळी दोघे गाण्यांबद्दल बोलले. ‘एप्रिल’ किती छोटे आहे, दोन आवाज किती एकजीव आहेत, वगैरे. दुसऱ्या वेळी फॉक्सट्रॉट सुरू झाल्याबरोबर बाई हसल्या आणि म्हणाल्या, ‘हे लग्नाच्या हॉलमधले झाले.’ त्यानंतर ‘मिसेस रॉबिन्सन’चा तुकडा आला तेव्हा त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. तंत्रज्ञांचा आक्षेप व्यवहारी होता: नाचांचे तुकडे गाण्यांपेक्षा मोठ्याने वाजतात, त्यामुळे गाणी प्रत्येक वेळी एक पायरी खाली उतरल्यासारखी वाटतात. त्यांनी पातळी सारखी करून घेण्याचा सल्ला दिला. मी ती सारखी करणार नाही, कारण मेजवानी घरातल्या मुलापेक्षा मोठ्याने बोलते हे खरेच आहे. त्यांना हा युक्तिवाद मुळीच पटला नाही, आणि मंडळाच्या खोलीतल्या त्या जुन्या स्पीकरवर त्यांचेच खरे ठरू शकेल.

२४ सप्टेंबर २०२४

अंतिम आराखडा ठरला. पहिली बाजू आठही तुकड्यांसह सलग वाजेल. दुसऱ्या बाजूवरचे ‘स्कारबरो फेअर’ सहा मिनिटांहून मोठे आहे, मूळ मुद्रणाच्या जवळजवळ दुप्पट, आणि एका तासाच्या सत्रात ते पूर्ण बसत नाही. ते कापायचे की नाही यावर दोन दिवस गेले. चित्रपटात हे गाणे पुन्हा पुन्हा येते, आणि ते लांबलेले रूप त्या पुनरावृत्तीची आठवण ठेवते. पण ऐकणारे चित्र पाहत नसतील तेव्हा ते लांबतेच. शेवटी पहिली तीन मिनिटे ठेवली.

या गाण्याविषयी एक खुलासा टिपणात घातला आहे. ते इंग्लंडातले परंपरागत गीत आहे, आणि सायमन यांनी त्याची मांडणी लंडनमध्ये मार्टिन कार्थी या लोकगायकाकडून घेतली. श्रेय न दिल्याची कार्थी यांची नाराजी अनेक वर्षे टिकली, आणि २०००मध्ये लंडनच्या रंगमंचावर दोघांनी ते एकत्र गायल्यावर ती मिटली. ‘कँटिकल’ हा त्यात गुंफलेला दुसरा पदर सायमन यांच्याच आधीच्या एका युद्धविरोधी गाण्यातून आला आहे. तेव्हा ‘आधीपासून असलेले गाणे’ म्हणताना किती आधीपासून, हे विचारावे लागते. जात्यावरच्या ओव्या ज्यांनी गोळा केल्या आहेत त्यांना हा प्रश्न नवा नाही.

२९ सप्टेंबर २०२४

काल सत्र झाले. पाऊस असूनही एकवीस जण आले. स्पीकरवर फॉक्सट्रॉट खरोखरच कर्कश वाजला आणि तंत्रज्ञांनी माझ्याकडे वळून पाहिले. ‘द फोक्स’पर्यंत मी आवाजाचे बटण दोनदा गुपचूप खाली नेले होते. ‘मिसेस रॉबिन्सन’ अर्ध्यावर संपल्यावर अपेक्षेप्रमाणे कुजबुज झाली.

खरी चर्चा शेवटच्या गाण्यावर झाली. ते मी तबकडीवरून थेट वाजवले होते. सुई आतल्या कोऱ्या वळणात टकटकत राहिली तरी कोणी उठले नाही. मग मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी ठामपणे सांगितले की सुरुवातीला ऐकवलेले गाणे हे नव्हते, चाल सारखी असली तरी ते वेगळे होते, गाणारेही वेगळे. मी टॉम विल्सन यांनी चढवलेल्या वाद्यांची गोष्ट पुन्हा सांगितली. त्यांना ती पटली नाही. वाद वाढला तेव्हा तबकडी उलटली आणि पहिल्या बाजूचा पहिला तुकडा पुन्हा लावला. बास आणि ड्रम सुरू होताच ते गृहस्थ म्हणाले, ‘बघा, मी म्हणत नव्हतो!’ आणि त्यांच्या शेजारच्या बाईंनीही नेमके तेच शब्द, उलट अर्थाने, उच्चारले. तिसऱ्यांदा लावायला वेळ नव्हता, कारण नऊ वाजले होते आणि रखवालदार किल्ल्या घेऊन दारात उभा होता.